घरी पाटा बदलताना: कोणता नट कधी आवळायचा

फोर बाय फोर गाडीचा पाटा, म्हणजे एकावर एक रचलेल्या कमानदार पोलादी पट्ट्यांची स्प्रिंग (लीफ स्प्रिंग), तुटला की बरेच जण स्वतः काम करायला घेतात. घ्यावंही. अवजारं साधी लागतात, आणि जमिनीवर आडवं पडून दिवसभर घाम गाळायची तयारी असली की काम जमतं. पण नवे पाटे बसवल्यावर महिन्याभरात गाडी कुरकुरते, एका बाजूला झुकते, पाट्यांना ॲक्सलवर आवळून धरणारे इंग्रजी ‘यू’च्या आकाराचे यू-बोल्ट ढिले होतात, आणि दोष पाट्याच्या माथी मारला जातो. बहुतेक वेळा पाटा चांगलाच असतो. क्रम चुकलेला असतो. म्हणून हा लेख क्रमावरच आहे.

इथे पाट्यांवर बसलेला अखंड ॲक्सल (डाव्या-उजव्या चाकांना जोडणारा आडवा भाग), आणि तोही मागचा, धरून लिहिलं आहे. पुढच्या ॲक्सलला काय वेगळं लागतं ते शेवटाकडे येईल. कॉइल स्प्रिंगच्या गाडीला यातलं काही लावू नका. दाबलेली कॉइल काढणं हे वेगळं आणि जास्त धोक्याचं काम आहे.

१. आधी नक्की काय तुटलंय ते पाहा

गाडी सपाट जागी उभी करा, चारही टायरांत हवा सारखी भरा. चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंतचं उभं अंतर दोन्ही बाजूंना मोजा आणि कागदावर लिहून ठेवा. हा कागद शेवटी पुन्हा लागणार आहे. मग चाक मडगार्डच्या पोकळीत मध्यावर आहे की पुढे-मागे सरकलंय ते बघा.

आता लोखंडी ब्रशने पाटे घासून चिखल काढा आणि बॅटरी घेऊन खाली शिरा. पाटा सहसा तीन ठिकाणी तुटतो: सेंटर बोल्टच्या भोकाशी, यू-बोल्टची पकड संपते त्या कडेला, किंवा टोकाला बुशसाठी (बोल्टभोवतीच्या रबरी नळीसाठी) गोल वळवलेला भाग असतो त्याच्या जवळ. तुटलेल्या जागेचं तोंड जवळून बघण्यासारखं असतं. कडेला गडद तांबूस अर्धचंद्र दिसला आणि उरलेला भाग चकचकीत करडा असला, तर तो अर्धचंद्र जुनी भेग आहे. पाणी आणि गंज तिच्यात कधीपासून मुरत होते, आणि शेवटच्या दणक्याने फक्त उरलेला भाग मोडला. असं दिसलं तर दुसऱ्या बाजूचे पाटेही तितक्याच काळजीने घासून तपासा. दोन्ही बाजूंनी तेच खड्डे खाल्लेले असतात.

कधी सगळे पाटे शाबूत असतात आणि तरी चाक मागे सरकलेलं असतं. अशा वेळी सेंटर बोल्ट तुटलेला असतो. पाट्यांना एकत्र बांधणारा आणि ॲक्सलला जागेवर रोखणारा बोल्ट हाच. तो एकटा बदलून भागतं, पण खालच्या जवळपास सगळ्या पायऱ्या त्याच राहतात.

सावधान: मेन पाटा, म्हणजे दोन्ही टोकं गाडीला जोडलेला सगळ्यात लांब पाटा, तुटला असेल तर गाडी चालवू नका. पाटा नुसतं वजन उचलत नाही, ॲक्सलला जागेवर धरूनही ठेवतो. तो धर सुटला की ब्रेक मारताना ॲक्सल सरकतो.

तुटलेल्या पाट्याला वेल्डिंग करायचा विचार मनातून काढून टाका. स्प्रिंगचं पोलाद ठरावीक तापमानाला पाणी देऊन तयार केलेलं असतं. वेल्डिंगच्या उष्णतेने शेजारची पट्टी ठिसूळ होते आणि पाटा जोडाच्या अगदी बाजूलाच पुन्हा मोडतो.

२. मापं घ्या, मग सामान आणा

जुन्या पाट्याची ही मापं लिहून काढा: एका टोकाच्या बुशच्या मध्यापासून दुसऱ्या टोकाच्या बुशच्या मध्यापर्यंतची लांबी, पाट्याची रुंदी, पाट्यांची संख्या आणि एकूण जाडी. सगळ्यात जास्त चुकणारं माप वेगळंच आहे: सेंटर बोल्टपासून पुढच्या टोकाचं अंतर आणि मागच्या टोकाचं अंतर. ही दोन अंतरं पुष्कळ गाड्यांत सारखी नसतात. पाटा उलटा बसवला तर बसतो, बोल्टही जातात, फक्त ॲक्सल दोन-चार सेंटिमीटर चुकीच्या जागी येतो. गाडी तिरकी पळायला लागते तेव्हा लक्षात येतं.

डावा आणि उजवा पाटाही काही गाड्यांत वेगळा असतो. चालकाच्या बाजूला कमान थोडी जास्त दिलेली असते. पाट्यावर खूण किंवा क्रमांक असेल तर तो पुसू नका.

पाटे जोडीने बदला. एका बाजूला नवी ताठ कमान आणि दुसऱ्या बाजूला थकलेली जुनी, अशी गाडी सरळ उभी राहत नाही.

सामानात यू-बोल्ट नटांसह नवेच घ्या. पूर्ण ताकदीने आवळलेला यू-बोल्ट थोडा ताणलेला असतो आणि त्या ताणावरच त्याची पकड असते. जुना पुन्हा आवळला की तेवढी पकड येत नाही, आटेही झिजलेले असतात. नव्या संचाची जाडी जास्त असेल तर त्या हिशेबाने लांब यू-बोल्ट लागतील. याशिवाय बुश, स्थिर टोकाचा (चेसिसच्या ब्रॅकेटला थेट जोडलेल्या टोकाचा) बोल्ट-नट, शॅकलच्या (दुसऱ्या टोकाला चेसिसशी जोडणाऱ्या झुलत्या कडीच्या) पिना आणि नट आधीच आणून ठेवा. जुने बोल्ट कापूनच काढावे लागतील असं धरून चाला.

अवजारं: ट्रॉली जॅक, चेसिससाठी भक्कम स्टँडची जोडी, ॲक्सलसाठी आणखी एक जोडी, चाकांना लावायच्या पाचरी, गोटी पाने आणि लांब दांडा, टॉर्क पाना (नट किती ताकदीने आवळला ते दाखवणारा), हातोडा, पितळी किंवा तांब्याचा ठोकणा, पहार, लोखंडी ब्रश, गंज सोडवणारं तेल, डोळ्यांना चष्मा, हातमोजे. आणि एक माणूस. पाट्यांचा संच एकट्याने छातीवर झेलण्याइतका हलका नसतो.

तपासा: यू-बोल्ट, स्थिर टोक, शॅकल, शॉकॲब्सॉर्बर आणि चाकाचे नट, या पाचही ठिकाणचं टॉर्क (आवळण्याच्या ताकदीचा आकडा) तुमच्या गाडीच्या वर्कशॉप मॅन्युअलमधून कागदावर उतरवलंय का? दुसऱ्याच्या गाडीचा आकडा चालत नाही. बोल्टची जाडी आणि प्रत बदलली की आकडा बदलतो.

३. दोन दिवस आधीचं काम

सगळ्या आट्यांवरचा चिखल आणि गंज ब्रशने काढा. गंज सोडवणारं तेल सकाळ-संध्याकाळ असं दोन दिवस मारा. कामाच्या दिवशी सकाळी मारून दुपारी जोर लावण्यात अर्थ नाही, तेलाला आट्यांत शिरायला वेळ लागतो.

याच वेळी खाली झोपून एक गोष्ट बघून ठेवा: स्थिर टोकाचा बोल्ट बाहेर पडायला जागा आहे का? काही गाड्यांत तो आतून बाहेर घातलेला असतो आणि इंधनाची टाकी नेमकी त्याच्या वाटेत येते. टाकी थोडी खाली घ्यावी लागेल हे आधी कळलेलं बरं. अर्धी गाडी खोलल्यावर कळलं तर दिवस हातचा जातो.

शॉकॲब्सॉर्बर, ब्रेकचा होज, ॲक्सलची हवा सोडणारी नळी, एबीएसची वायर आणि भारानुसार ब्रेक कमी-जास्त करणाऱ्या व्हॉल्व्हचा दांडा, यांचे फोटो काढून ठेवा.

४. गाडी उचला आणि टेकू द्या

इथली चूक जिवावर बेतते, म्हणून ही पायरी सावकाश वाचा.

जागा पक्की आणि सपाट हवी. मातीवरच काम करायचं असेल तर स्टँडखाली जाड, रुंद लाकडी फळी ठेवा. पुढच्या दोन्ही चाकांना पुढून आणि मागून पाचरी लावा.

सावधान: हँडब्रेकवर विसंबू नका. तो बहुतेक गाड्यांत मागच्या चाकांवर असतो, आणि तीच चाकं तुम्ही उचलणार आहात. काही जुन्या फोर बाय फोर गाड्यांत हँडब्रेक चाकांवर नसून ट्रान्स्फर केसच्या (पुढच्या-मागच्या ॲक्सलला ताकद वाटणाऱ्या पेटीच्या) मागे शाफ्टवर असतो. अशा गाडीचं मागचं एक जरी चाक उचललं तरी डिफरन्शियलमुळे (ॲक्सलच्या दोन चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणाऱ्या गिअरमुळे) दुसरं चाक मोकळं फिरू शकतं. गिअरमध्ये ठेवलेल्या गाडीचंही तेच होतं. गाडी धरून ठेवणारी वस्तू म्हणजे पुढच्या चाकांच्या पाचरी.

चाकाचे नट जमिनीवरच किंचित ढिले करा. स्थिर टोकाचा आणि शॅकलचा नटही आताच एकदा हलवून घ्या, कारण वजन चाकांवर असताना जोर लावणं सोपं जातं. यू-बोल्टला मात्र हात लावू नका.

आता डिफरन्शियलच्या खोक्याखाली जॅक लावून मागचा भाग उचला. चेसिसच्या दोन्ही बाजूंना, पाट्याच्या पुढच्या ब्रॅकेटच्या थोडं पुढे, सारख्या उंचीवर स्टँड ठेवा. पत्र्याखाली किंवा पाइपखाली नव्हे, चेसिसच्या मुख्य दांड्याखालीच. गाडी हळूच स्टँडवर बसवा. चाकं काढा आणि ती चेसिसखाली आडवी सरकवून ठेवा. स्टँड घसरलाच तर गाडी आधी चाकावर पडेल.

मग जॅक ज्या बाजूचं काम आहे त्या बाजूला, पाट्याच्या शेजारी, ॲक्सलच्या नळीखाली आणा आणि ॲक्सलचं वजन पेलेल इतपतच वर घ्या. पाटा ताणलेलाही नको आणि दाबलेलाही नको.

तपासा: खाली शिरण्याआधी गाडीला कमरेने दोन-तीनदा जोरात धक्का द्या. गाडी डुलली किंवा स्टँड सरकला तर पुन्हा उचलून नीट बसवा.

५. जुना पाटा उतरवा

एका वेळी एकच बाजू. दुसऱ्या बाजूचा पाटा ॲक्सलला जागेवर धरून ठेवतो. दोन्ही बाजू एकदम सोडल्या की ॲक्सल पुढे-मागे जातो, स्वतःभोवती फिरतो, ॲक्सलला ताकद पोचवणारा लांब प्रॉपेलर शाफ्ट ओढला जातो, आणि मग तो परत जागेवर आणण्यात संध्याकाळ होते.

उतरवण्याचा क्रम असा:

१. शॉकॲब्सॉर्बरचं खालचं टोक सोडा.
२. ब्रेकचा होज, वायर आणि नळी यांच्या क्लिपा सोडा. ॲक्सल दहा-पंधरा सेंटिमीटर खाली गेला तरी काही ताणलं जाणार नाही याची खात्री करा. व्हॉल्व्हचा दांडा असेल तर तो ॲक्सलकडच्या टोकाला सोडा, त्याची लांबी बदलू नका.
३. यू-बोल्टचे चारही नट थोडे-थोडे करून सोडा आणि खालची पट्टी काढा.
४. पाटे ॲक्सलच्या वर असतील तर जॅक जरासा खाली घ्या, म्हणजे सेंटर बोल्टचं डोकं भोकातून बाहेर येईल. पाटे ॲक्सलच्या खाली असतील तर उलट करा, ॲक्सल वर उचला.
५. पाट्याखाली टेकू द्या. मग शॅकल सोडा आणि शेवटी स्थिर टोकाचा बोल्ट काढा.

बोल्ट हाताने किंवा हलक्या ठोक्याने निघाला पाहिजे. अडला तर हातोडा मोठा करण्याआधी जॅक एक-दोन सेंटिमीटर वर-खाली करून बघा. पुष्कळदा बोल्टवर वजन आलेलं असतं एवढंच.

खरोखर गंजून बसलेला बोल्ट ओळखायची खूण आहे. नट निघतो, बोल्टचं डोकं फिरतंही, पण बोल्ट बाहेर येत नाही आणि सोडला की परत मागे फिरतो. बोल्ट बुशच्या आतल्या लोखंडी नळीला चिकटलाय आणि तुम्ही रबर पिळताय. यावर ठोकत बसू नका. ब्रॅकेट आणि बुश यांच्यामधल्या फटीतून पातळ पात्याने बोल्ट दोन्ही बाजूंनी कापा. त्यासाठीच नवा बोल्ट आणलाय.

सावधान: मागच्या भागात इंधनाची टाकी आणि नळ्या असतात. ग्राइंडरच्या ठिणग्या किंवा गॅसची ज्योत त्यांच्याजवळ नको, हाताने किंवा यंत्राने चालणारी करवत वापरा. बोल्टचं भोक जुळलंय का हे बोटाने कधीच चाचपू नका. पाटा घसरला तर ते भोक कात्रीसारखं मिटतं. त्यासाठी टोकदार सळई वापरा.

६. मोकळी जागा तपासा

इथे घाई होते, कारण नवा पाटा शेजारीच पडलेला असतो. तरी थांबा.

पाटा जिच्यावर टेकतो ती ॲक्सलवरची बैठक लख्ख घासा. गंजाची पापडी किंवा जाड रंग मध्ये राहिला तर पुढे तो चुरगळतो आणि यू-बोल्ट आपोआप ढिला पडतो. बैठकीतलं सेंटर बोल्टचं भोक बघा. नव्या बोल्टचं डोकं त्यात नीट बसलं पाहिजे. भोक लांबट झालं असेल तर डोकं त्यात हलणार आणि तुटणार. ते दुरुस्त करून घेतल्याशिवाय पुढे जाऊ नका. चेसिसवरचे ब्रॅकेट घासून भेगा बघा, विशेषतः वेल्डिंगच्या कडांना. शॅकलच्या पट्ट्या वाकलेल्या असतील तर त्याही बदला.

नवे बुश घालताना रबराला खनिज तेलाचं ग्रीस लावू नका, रबर फुगतं. साबणाचं पाणी पुरतं. पॉलियुरेथेनचे बुश असतील तर त्यांच्यासोबत येणारं ग्रीसच वापरा. बोल्टच्या गुळगुळीत दांड्यावर गंजरोधक पेस्टचा पातळ थर द्या, म्हणजे पुढच्या वेळी कापावं लागणार नाही. आट्यांना मात्र मॅन्युअल सांगेल तसंच. आटे तेलकट असले की त्याच टॉर्कला बोल्ट जास्त ताणला जातो.

७. नवा पाटा चढवा

जुना आणि नवा संच शेजारी-शेजारी ठेवून सेंटर बोल्टची दोन्ही अंतरं पुन्हा मोजा आणि नव्याच्या पुढच्या टोकाला खडूने खूण करा.

आधी स्थिर टोक ब्रॅकेटमध्ये धरून बोल्ट घाला. नट हाताने लावा. मग शॅकलचं टोक, तोही नट हातानेच. दोन्ही नट अजून आवळायचे नाहीत.

आता ॲक्सल हळूहळू पाट्याला भेटवा. सेंटर बोल्टचं डोकं भोकात बसताना बारीकसा टक् असा आवाज येतो आणि बैठक पाट्याला सगळीकडून सपाट टेकते. फट दिसत असेल तर डोकं कडेवर चढलंय. पहारीने ॲक्सल किंचित सरकवा आणि पुन्हा टेकवा. अशा स्थितीत यू-बोल्ट आवळून पाटा ‘खाली ओढून घेतला’ तर डोकं छाटलं जातं. वरून सगळं ठीक दिसतं आणि पहिल्याच चढावर ॲक्सल सरकतो.

यू-बोल्ट घाला, पट्टी लावा, नट हाताने आणा. मग तिरप्या जोड्यांनी आवळा: पुढचा आतला, मागचा बाहेरचा, पुढचा बाहेरचा, मागचा आतला. एका फेरीत पूर्ण ताकद नको. तीन फेऱ्या करा, आणि इथे मॅन्युअलच्या आकड्याच्या अर्ध्या-पाऊण ताकदीवर थांबा.

तपासा: प्रत्येक यू-बोल्टच्या दोन्ही पायांवर नटाच्या खाली सारखेच आटे उरलेत का? एका पायाला जास्त आणि दुसऱ्याला कमी उरले असतील तर यू-बोल्ट तिरका बसलाय. सोडून पुन्हा लावा.

शॉकॲब्सॉर्बर, क्लिपा, दांडा परत जोडा. मग दुसरी बाजू, पहिल्यापासून तशीच.

८. वजन चाकांवर, मग शेवटचं आवळणं

सगळ्यात जास्त चुका इथे होतात.

चाकं लावा, गाडी स्टँडवरून उतरवा, मागचा भाग हाताने चार-पाच वेळा दाबून सोडा, किंवा गाडी एक-दोन मीटर हळूच पुढे-मागे ढकला. पाटे आपल्या रोजच्या कमानीवर बसू द्या. यानंतरच स्थिर टोकाचे आणि शॅकलचे नट पूर्ण टॉर्कला आवळा. यू-बोल्टही याच स्थितीत पूर्ण करा.

कारण असं. रबरी बुशची आतली नळी बोल्ट आवळला की ब्रॅकेटला घट्ट चिकटते. पाटा वर-खाली होताना ती नळी फिरत नाही, मधलं रबर पिळलं जातं. गाडी हवेत असताना पाटा खाली लोंबलेला असतो. तेव्हा नट आवळला तर रबराची ‘सरळ’ स्थिती तीच ठरते. गाडी जमिनीवर आल्याबरोबर रबर पिळलेलं, आणि पुढे उभी गाडीही रबराला पिळतच राहते. मी पहिल्यांदा पाटे बदलले तेव्हा हेच केलं होतं. तीन महिन्यांनी मागून कुरकुर सुरू झाली. बोल्ट काढला तर बुशचं रबर आतल्या नळीपासून अर्ध्या गोलात सुटलेलं, कडेला चिंध्या. नवे बुश वाया गेले आणि सगळं खोलावं लागलं, फक्त दोन नट एक तास आधी आवळल्यामुळे.

गाडी जमिनीवर असताना पान्याला जागा मिळत नसेल तर चाकं मजबूत रॅम्पवर चढवा, किंवा ॲक्सलच्या दोन्ही टोकांखाली स्टँड ठेवून चेसिस मोकळी सोडा. दोन्हींत वजन पाट्यांवर येतं, आणि तेवढंच हवं असतं.

शेवटचं आवळणं टॉर्क पान्यानेच करा. हवेच्या किंवा बॅटरीच्या गनने नट लवकर जातात, पण किती ताकद लागली ते कळत नाही. चाकाचे नटही तिरप्या क्रमाने, टॉर्क पान्याने. सगळं झालं की प्रत्येक नटावरून बोल्टवर आणि पट्टीवर रंगाची एक सरळ रेघ ओढा.

पुढच्या ॲक्सलला वेगळं काय

बैठक आणि पाटा यांच्यामध्ये पाचरीच्या आकाराची पट्टी असेल तर तिचा जाड भाग कुठल्या बाजूला होता ते फोटोत असू द्या. स्टिअरिंगचं कॅस्टर, म्हणजे चाक ज्या अक्षाभोवती वळतं त्याचा पुढे-मागे कल, तिच्यावर ठरतं. ती उलटी बसली तर स्टिअरिंग वळणानंतर सरळ येत नाही, गाडी वेगात भरकटते. ब्रेकचा होज स्टिअरिंग दोन्ही टोकांना पूर्ण फिरवून तपासा. पाचरी या वेळी मागच्या चाकांना. काम झाल्यावर व्हील अलाइनमेंट करून घ्या.

९. चालवून पाहा आणि पुन्हा आवळा

कागद काढा आणि चाकाच्या मध्यापासून मडगार्डपर्यंतचं अंतर पुन्हा मोजा. दोन्ही बाजू जवळपास सारख्या याव्यात. गाडी आधीपेक्षा वर आली असेल तर हेडलाइट नव्याने लावा, कारण मागून उंची बदलली की पुढचा झोत खाली जातो. भारानुसार चालणारा ब्रेकचा व्हॉल्व्ह असेल तर तोही मॅन्युअलप्रमाणे तपासा. उंची वाढली की व्हॉल्व्हला वाटतं गाडी रिकामी आहे, आणि तो मागचा ब्रेक कमी करतो.

पहिली फेरी मोकळ्या जागी, कमी वेगात. ब्रेक मारून बघा, गाडी ओढते का. मागून कुणाला तरी बघायला सांगा. मागची चाकं पुढच्या चाकांच्या रेघेत चालली पाहिजेत.

साधारण १०० किलोमीटरनंतर यू-बोल्ट आणि चाकाचे नट पुन्हा टॉर्कला तपासा. नवे पाटे एकमेकांवर बसताना रंग आणि खरबरीतपणा दबतो, त्यामुळे यू-बोल्टचे नट थोडे फिरणारच. पुन्हा तिरप्या जोड्यांनी आवळा, जुनी रेघ पुसून नवी ओढा. ५०० किलोमीटरला परत बघा. या वेळी नट फिरले नाहीत तर काम बसलं. फिरले, तर आवळून गाडी बाहेर काढू नका. यू-बोल्ट सोडा आणि सेंटर बोल्टचं डोकं भोकात आहे का ते बघा.